चुन्याच्या ड्रमाचं झाकण

दहावीचा निकाल लागला की पनवेलात रस्त्याच्या कडेला फ्लेक्स उगवतात. क्लासवाल्यांचे वेगळे, शाळांचे वेगळे, आणि नगरसेवक व्हायची इच्छा असलेल्यांचे त्याहून वेगळे. ज्या शाळेची ही गोष्ट आहे तिचाही एक भलामोठा फ्लेक्स होता. शाळेचं नाव सांगत नाही. तुमचा मुलगा ज्या शाळेत जातो तिचं नाव तिथे घालून वाचलंत तरी फारसं काही बिघडणार नाही. फ्लेक्सवर गुणवंत मुलांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे होते आणि मधोमध हाताची घडी घालून उभे असलेले विज्ञानाचे शिक्षक प्रितम घरत सर चांगले पुरुषभर उंचीचे होते. खाली लिहिलं होतं, ‘विज्ञान म्हणजे घरत सर!’

आता या शाळेतलं विज्ञान कुठे राहत होतं ते सांगतो. तळमजल्यावर, मुतारीच्या बाजूला, ‘प्रयोगशाळा’ अशी पाटी असलेली एक खोली होती आणि तिला कुलूप होतं. आत गॅदरिंगचे मुकुट, गणपतीच्या मखराचं थर्माकोल आणि मोडकी बाकं कोंबलेली होती. कपाटातल्या बाटल्यांवरची लेबलं वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे कुठल्या बाटलीत काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाला गरजही पडली नव्हती. प्रयोग मात्र दरवर्षी व्यवस्थित पार पडत. मुलं गाइडमधून कृती उतरवत, निरीक्षण उतरवत, अनुमान उतरवत आणि शेवटी सर लाल पेनाने सही करत. जे पाहिलंच नाही त्याचं निरीक्षण लिहायची ही विद्या आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिला कुणी लबाडी म्हणत नाही. तिला ‘जर्नल पूर्ण करणं’ म्हणतात.

घरत सर वाईट शिक्षक होते असं तुम्हाला वाटेल. छे! ते तर तालुक्यात नावाजलेले होते. रासायनिक समीकरणं त्यांनी चालीवर बसवली होती. वर्गात शिरले की अख्खा वर्ग आरती म्हटल्यासारखा सुरू होई. कळीचा चुना अधिक पाणी, विरलेला चुना अधिक उष्णता. संयोग अभिक्रिया, उष्मादायी अभिक्रिया. मग सर बोट वर करून बजावत, “उष्णता लिहायला विसरायचं नाही. अर्धा मार्क जातो!” आणि मुलं विसरत नसत. त्या अर्ध्या मार्कासाठी पालक सरांच्या खासगी क्लासबाहेर चपला झिजवत उभे राहत.

त्या वर्षी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन या शाळेत भरायचं ठरलं. शिक्षण खात्याचे अधिकारी येणार, वर्तमानपत्रवाले येणार, म्हणून संस्थेचे अध्यक्ष भगवानशेठ जातीने तयारीला लागले. शेठची एकेकाळी भातशेती आणि मिठागरं होती, आता त्या जागी त्यांच्या इमारती आहेत. विज्ञान प्रदर्शनाची तयारी म्हणजे काय, तर गेटवर कमान, पाहुण्यांच्या खुर्च्यांना पांढरे झगे, आणि आवारातल्या झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे. प्रयोगशाळेचं कुलूप काढावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. उलट तिच्या दारावर एक मोठा फ्लेक्स ताणून बसवला, म्हणजे दारच दिसायला नको.

चुना बाजारातून आला तो दगडासारख्या खड्यांचा, म्हणजे चांगला कळीचा चुना. तो भिजवायचं काम जगनकडे आलं. जगन हा शाळेतला शिपाई, आपट्याजवळच्या एका गावातला. बरीच वर्षं रोजंदारीवर काढल्यावर यंदा त्याला कायम करायचं संस्थेने कबूल केलं होतं. त्याने उभ्या जन्मात चुना भिजवला नव्हता. त्याच्या गावात जमिनी गेल्या, पैसे आले, तेव्हापासून घरंसुद्धा गुलाबी आणि पोपटी ऑइलपेंटने रंगतात, चुना कुणाला भिजवायचा असतो! त्याने भाबडेपणाने घरत सरांना विचारलं की कसा भिजवू. विज्ञानाचे सर म्हटल्यावर आणखी कुणाला विचारणार?

सरांनी त्याला निळा प्लास्टिकचा ड्रम दाखवला, खडे आत टाकायला सांगितले आणि वरून पाणी ओतायला लावलं. दहावीची मुलं तिथेच व्हरांड्यात बसून तक्ते रंगवत होती. ड्रम उभा होता त्याच्या बरोबर मागे भिंतीवर एक तक्ता नुकताच चिकटवला होता. त्यावर समीक्षा नावाच्या हुशार मुलीने सुरेख अक्षरात हेच समीकरण लिहिलं होतं, आणि उष्णता हा शब्द लाल रंगाने, सरांनी शिकवल्याप्रमाणे, ठळक केला होता.

थोड्या वेळाने ड्रममध्ये बुडबुडे उठायला लागले, वाफ यायला लागली, चुन्याचे शिंतोडे उडून एक शिंतोडा पाहुण्यांच्या खुर्चीच्या पांढऱ्या झग्यावर पडला. पांढऱ्यावर पांढरा, कुणाला दिसणारही नव्हता. पण शेठ आरडाओरडा करतील या भीतीने घरत सर धावत आले आणि त्यांनी जगनला ड्रमाला झाकण लावायला सांगितलं. हे झाकण साधं नव्हतं, कडीने आवळून बसवायचं होतं. जगनने ते आवळलं. सर समाधानाने मागे वळले आणि खुर्च्यांच्या रांगा सरळ करू लागले.

“सर, झाकन वर येतंय,” जगन म्हणाला.

“मग दाबून धर ना. हात आहेत की नाहीत तुला?”

जगनने दोन्ही हातांनी झाकण दाबलं. ते पुरेना म्हणून तो त्यावर वाकला, छातीचा भार टाकला. समोर भिंतीवर समीकरण होतं, पाठीमागे ते शिकवणारे सर होते, आणि बाजूला ते पाठ असलेली अख्खी तुकडी होती. इतक्या ज्ञानी मंडळींच्या पहाऱ्यात तो ड्रम फुटला. झाकण उडालं, उकळता चुना जगनच्या तोंडावर आला, आणि तो दोन्ही हात डोळ्यांवर घेऊन गुरासारखा ओरडत खाली बसला.

पुढे जे झालं ते सांगायलाही शरम वाटते, पण सांगितलंच पाहिजे. घरत सरांना त्या गोंधळात रसायनशास्त्र आठवलं! चुना हा आम्लारी, त्यावर उतारा आम्लाचा, दोघांचं उदासिनीकरण होऊन क्षार आणि पाणी तयार होतं, हे त्यांना आठवलं, आणि पाहुण्यांच्या सरबतासाठी आणलेली लिंबं त्यांनी ओरडून मागवली. लिंबू कापून ते जगनच्या डोळ्यात पिळायला निघालेसुद्धा. तेवढ्यात शहाबानो मॅडम आल्या.

शहाबानो काझी या शाळेच्या पर्यवेक्षिका. निवृत्तीला आलेल्या. घरत सर याच शाळेत विद्यार्थी होते तेव्हा त्यांना विज्ञान शिकवणाऱ्या. बाईंनी सरांच्या हातावर असा फटका मारला की लिंबू व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पडलं. मग जगनला दंडाला धरून त्यांनी नळाखाली नेलं, त्याचं डोकं खाली दाबलं, पापण्या बोटांनी उघड्या ठेवल्या आणि रिक्षा येईपर्यंत पाण्याची धार डोळ्यांवर सोडत राहिल्या. तो झटापट करत होता, बाईंची ओढणी भिजून चुन्याने भरली, पण त्यांनी त्याला सोडलं नाही.

जगन रुग्णालयात गेला आणि प्रदर्शन दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे थाटात पार पडलं. हो, पार पडलं. फुटलेला ड्रम मागच्या नाल्यात टाकला, फरशी घासली, त्या जागेवर एक कुंडी ठेवली. अधिकाऱ्यांनी मुलांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवल्याबद्दल शाळेचं अभिनंदन केलं. पहिलं बक्षीस खायच्या सोड्याच्या ज्वालामुखीला मिळालं, दरवर्षी त्यालाच मिळतं. झाडांना पट्टे मारायचे राहिले याबद्दल शेठने जाहीर दिलगिरीसुद्धा व्यक्त केली. शिपाई भाजला याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

पण बातमी दाबली तरी गावात फिरायची ती फिरलीच. जगनच्या गावचे लोक विचारायला येऊ लागले. तेव्हा भगवानशेठने घरत सरांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि समजावलं की येत्या शनिवारी संस्थेची बैठक आहे, तिथे हा विषय कायमचा मिटवायचा आहे. शेठचं म्हणणं सोपं होतं. अडाणी माणूस, काही न विचारता झाकण लावून बसला, त्यात शाळेचा काय दोष? तेव्हा त्याला कमी करायचं आणि मोकळं व्हायचं. फक्त हे शेठने म्हणून भागणार नव्हतं, विज्ञानाच्या जाणकाराने म्हणायला हवं होतं. जाता जाता शेठ हेही म्हणाले की आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी यंदा संस्थेकडून सरांचंच नाव पाठवायचा विचार आहे. विचार आहे, एवढंच म्हणाले. शहाण्याला एवढं पुरतं.

घरत सर काय म्हणाले असतील? “बघतो शेठ,” म्हणाले. आपल्याकडे सुशिक्षित माणसाला बेइमानी करायची असली की तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. बघतो म्हणतो.

आणि खरं सांगायचं तर सरांना त्यात फारसं वावगंही वाटलं नव्हतं. जगनला ते पहिल्यापासून कमीच लेखत. जगन ‘नाय’ म्हणाला की सर मुलांदेखत ‘नाही’ म्हणून त्याला दुरुस्त करत. आता सर स्वतः उरणकडच्या एका खेड्यातले, त्यांच्या आईला आजही ‘नाय’च म्हणता येतं. पण पदवी घेतली, शर्ट पँटीत खोचला, की माणसाला पहिली लाज आपल्याच बोलीची वाटायला लागते. सरांनी मनाशी मांडणी करूनही टाकली होती: मी झाकण लाव म्हणालो, इतकं घट्ट आवळ असं कुठे म्हणालो? दाबून धर म्हणालो, त्यावर झोपायला कुणी सांगितलं होतं? अशी मांडणी करायला मात्र कुठल्याही गाइडची गरज पडत नाही.

शहाबानो मॅडमना हे कळलं. मधल्या सुट्टीनंतर शिक्षक खोलीत दोघंच असताना त्यांनी दार लोटून घेतलं.

“शनिवारी तू साक्ष देणार आहेस म्हणे, प्रितम.”

सर म्हणाले की साक्ष वगैरे नाही, फक्त तांत्रिक माहिती द्यायची आहे.

“मग ती माहिती मलाही दे. चुन्यावर पाणी टाकलं की काय होतं?”

सरांना हसू आलं. तेवढ्यातही त्यांनी समीकरण म्हणून दाखवलं, उष्णतेसकट. अर्धा मार्क गेला नाही.

“शाब्बास,” बाई म्हणाल्या. “आता मला सांग, जगनला हे माहीत नव्हतं, म्हणून त्याने झाकण लावलं. तुला माहीत होतं. तू लावायला का सांगितलंस?”

सरांनी सांगितलं की गडबडीत डोक्यात आलं नाही.

“कसं येईल? तुझ्या डोक्यात ते पेपर लिहायला ठेवलेलं आहे. पेपर आला की बाहेर काढायचं, एरवी आत. समोर वाफ निघतेय, ड्रम फुगतोय, आणि तुला तिथे रसायनशास्त्र दिसलं नाही, तुला खुर्चीवरचा डाग दिसला. आणि दिसलं तेव्हा काय दिसलं? लिंबू! अरे, डोळा आहे तो, उत्तरपत्रिका आहे का?”

सर चिडले. चिडणारच. त्यांनी मग आपल्या सगळ्यांची आवडती रडगाणी गायली. अभ्यासक्रम संपत नाही. पालकांना मार्क हवेत, प्रयोग नकोत. संस्थेला निकाल हवा. प्रयोगशाळेची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि मुख्याध्यापक शेठकडे बघतात. एकटा शिक्षक काय करणार?

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, “हे सगळं खरं आहे. पण झाकण लावायला पालकांनी सांगितलं नव्हतं. दाबून धर असं अभ्यासक्रमात नाही. एखादी गोष्ट माहीत नसणं हा काही गुन्हा नाही, प्रितम. जगनला माहीत नव्हती, त्याने तुला विचारलं. माहीत नसलेल्या माणसाने याहून काय करायचं असतं? माहीत असून ती वापरता न येणं ही तुझी नालायकी, आणि तिच्यात थोडी माझीही आहे, कारण तुला पहिली समीकरणं मी शिकवली. तिथपर्यंत मी तुला माफ करेन. पण ती नालायकी लपवायला त्यालाच अडाणी ठरवणार असशील, तर ती सरळ हरामखोरी आहे. त्याला माफी नाही.”

बाई असे शब्द कधी वापरत नसत. सर पुस्तक उचलून वर्गावर गेले.

तास दहावीचाच होता. सर आत शिरले तसा वर्ग सवयीने चालीवर सुरू झाला. सरांनी हाताने थांबवलं. त्यांनी विचारलं, “त्या दिवशी तो ड्रम का फुटला?”

 ज्यांना तालुक्यात सर्वांत जास्त मार्क मिळणार होते त्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने झाकण खराब होतं असं सुचवलं. दुसरा म्हणाला, प्लास्टिक लोकल होतं. तिसऱ्याने अदबीने विचारलं की हा प्रश्न बोर्डाला येऊ शकतो का. सरांनी फळ्यावर समीकरण लिहिलं आणि शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढली.  मग समीक्षा हळूच उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

“सर,” ती म्हणाली, “म्हणजे ती उष्णता... ती ही होती?”

वाचकहो, हा प्रश्न नीट ऐका. या मुलीने ‘उष्णता’ हा शब्द शेकडो वेळा लिहिला होता, लाल रंगाने रंगवला होता, त्यावर पूर्ण गुण मिळवले होते. आणि तो शब्द म्हणजे हात भाजणारी, वाफ करणारी, ड्रम फोडणारी उष्णता, हे तिला माणूस भाजल्यावर कळलं. तेही तिने स्वतः शोधलं म्हणून. तिला हे सांगायला पगार घेणारा माणूस समोर खडू धरून उभा होता.

समीक्षा खाली बसली आणि रडायला लागली. ती ड्रमापासून चार हातांवर होती. आपण ओरडलो असतो तर, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सरांना तिला सांगता आलं नाही की तुझा दोष नाही, कारण मग दोष कुणाचा हेही सांगावं लागलं असतं. तास संपायच्या आतच ते वर्गाबाहेर पडले. आपण या पोरांना काय दिलं? शब्द दिले, आणि शब्दांच्या मागे काही असतं हेच त्यांच्यापासून लपवून ठेवलं! त्यांना पहिल्यांदाच स्वतःची किळस आली. फार उशिरा आली, पण आली.

शनिवारी बैठक भरली. बिस्किटं आली, चहा आला. मुख्याध्यापकांनी नेहमीप्रमाणे शेठच्या चेहऱ्याकडे पाहत विषय मांडला. मग शेठने घरत सरांना खूण केली. सर उठले आणि म्हणाले की जगनची काही चूक नाही. त्याने विचारलं होतं, मी सांगितलं, त्याने केलं. झाकण लावायला मी सांगितलं आणि ते वर यायला लागल्यावर दाबून धरायलाही मीच सांगितलं. चुन्यात पाणी पडलं की काय होतं हे मी दरवर्षी शिकवतो. त्या दिवशी मला ते कळलं नाही, कारण ते मी कधी पाहिलंच नव्हतं. या शाळेत कुणीच पाहिलेलं नाही.

 शेठने बशीत चहा ओतता ओतता थांबून वर पाहिलं.

“सर, तुमी शिकलेली मानसा,” ते म्हणाले. “आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा कनाला पाडून घेताव? तो तं शिपाई हाय. त्याला काय फरक परतो?”

“शेठ, डोळा त्याचा गेलाय,” शहाबानो मॅडम कोपऱ्यातून म्हणाल्या. “फरक त्यालाच पडतो.”

बरीच बाचाबाची झाली. शेवटी विज्ञानाच्या शिक्षकानेच हात वर केल्यावर शिपायाला काढायचं कोणत्या तोंडाने, म्हणून जगनची नोकरी राहिली आणि कायम करायचं ठरलं होतं तेही मोडलं नाही. प्रयोगशाळा मोकळी करून आतले मुकुट माळ्यावर टाकायचे असं बाईंनी त्याच बैठकीत वदवून घेतलं. घरत सरांना लेखी समज मिळाली. पुरस्कारासाठी कवायतीच्या सरांचं नाव गेलं. त्यांनी निदान कुणाला भाजलं नव्हतं.

कुणी म्हणेल, शाबास घरत सर! मी म्हणणार नाही. स्वतः केलेली चूक स्वतःची आहे एवढं म्हणायला ज्याला इतके दिवस लागतात, त्याला हार घालायची ही आपली सवयच मुळात वाईट आहे. सरांना ते कळलं असावं, कारण बैठक संपल्यावर ते थेट मोटरसायकलवर बसले आणि कर्नाळ्याची खिंड ओलांडून आपट्याकडे गेले.

जगन ओटीवर बसला होता. एका डोळ्यावर पट्टी, गालाची कातडी सोललेली. दुसऱ्या डोळ्याला दिसत होतं, तोही वाचला तो नळाच्या पाण्याने, असं डॉक्टर म्हणाले होते. पट्टीखालच्या डोळ्याबद्दल मात्र त्यांनी आशा सोडायला सांगितली होती. सरांना पाहून तो धडपडत उठला. त्याची बायको मैना दारात उभी राहिली, तिने या म्हटलं नाही.

सरांनी नोकरीचं सांगितलं. मग उभ्या उभ्याच म्हणाले की चूक माझी होती. इतक्या वर्षांत टाकलेली बोली त्यांच्या तोंडात आपोआप आली. “झाकन लावाला मीच सांगतला, जगन. तुझा काय नाय चुकला.”

जगनला ते पटेना.

“मना वाटला मीच नीट दाबला नाय,” तो म्हणाला. “अजून जोरान दाबला असता तं फुटला नसता, असा वाटला मना. मी सगल्यांना तसाच सांगतला.”

घरत सर ओटीच्या पायरीवर बसले. शेठने बैठकीत जे लादायचं ठरवलं होतं ते या माणसाने आधीच स्वतःवर घेऊन टाकलं होतं. का घेणार नाही? जन्मभर त्याने ऐकलेलं हेच की ज्याला कळत नाही तो चुकतो आणि ज्याला कळतं तो चुकत नाही. सर शिकलेले, म्हणून सर बरोबर. आपण शिपाई, म्हणून आपलं चुकलं असणार. आपण सगळ्यांनी मिळून त्याला हे शिकवलं आहे, आणि हे मात्र चांगलं पक्कं शिकवलं आहे.

मग सरांनी त्याला समजावून सांगितलं. चालीवर नाही, संज्ञा नाहीत. चुन्याचे खडे भट्टीत भाजून काढलेले असतात, त्यांना पाणी मिळालं की ते पाणी पितात, आणि पिताना इतके तापतात की उरलेल्या पाण्याची वाफ होते. वाफेला जागा लागते. जागा दिली नाही की ती घेते. जगन लक्ष देऊन ऐकत होता. मैनाही दारातून एक पाऊल पुढे आली होती. सर शिकवत होते आणि समोरच्याला कळत होतं, असं त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

“मंग झाकन उघडा ठेवला असता तं?” जगनने विचारलं.

“तं काय नाय झाला असता,” सर म्हणाले. “वाफ निंगून गेली असती.”

“आनि तुमाला ये ठावं होता?” मैनाने विचारलं.

सरांनी होकारार्थी मान हलवली.  मैना आत निघून गेली आणि तिने पाहुण्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. बरं केलं.

मित्रहो, आज तुमचं मूल घरी आलं की त्याला किती मार्क पडले ते विचारू नका. आज काय पाहिलंस, कशाला हात लावलास, काय तापलं, काय विरघळलं, ते विचारा. त्याला सांगता आलं नाही तर उद्या शाळेत जाऊन प्रयोगशाळेचं कुलूप काढायला लावा. निकालाच्या फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढण्यापेक्षा ते जास्त गरजेचं आहे. शिकलेलं जर समोर घडताना ओळखता येत नसेल, तर आपण शिकलेलो नाही, आपण नुसते पास झालो आहोत. आणि आपलं चुकलं असेल तेव्हा ते मान खाली घालून आपणच सांगावं, आणि वेळेत सांगावं. ते जो कमी शिकला आहे त्याच्या माथी मारण्याइतकं नीच काम दुसरं नाही. कारण तो बिचारा भांडत नाही. आपण नीट दाबलं नाही असं समजून तो गप्प बसतो.